माजघराच्या भिंतीला पोट आलं तेव्हा

सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, आणि माजघर यांच्यामधली भिंत ही आमच्या घरातली सगळ्यांत जाड भिंत. अडीच फूट. घर उमरगा तालुक्यातलं, माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, पणजोबांनी बांधलेलं. दगड काळा, शिवारातलाच, आणि सांधा मातीचा. या भिंतीला माजघराच्या अंगाने पोट आलं होतं. आई ते कित्येक वर्षं सांगत होती, पण घर दाखवताना पाहुण्यांना सांगावं तसं. "हे साणं, हे बळद, आन् ही पोट आलेली भित." साणं म्हणजे छतातला झरोका, बळद म्हणजे धान्य साठवायची जागा.

मग एक पावसाळा फार ओला गेला. त्यानंतर माजघराचं दार चौकटीत अडकायला लागलं. ही भिंत आडव्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात वरून खाली चीर दिसायला लागली. आणि खिळ्याला अडकवलेल्या कालनिर्णयाचा खालचा काठ भिंतीपासून इतका सुटला की मागे दोन बोटं सहज जावीत. कॅलेंडर सरळच लोंबत होतं. भिंतच खिळ्याच्या जागी पुढे आली होती.

आमच्या भागात दगडी भिंत हा साधा विषय नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. सुमारे ८,००० माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक दगडामातीच्या भिंती नि माळवदाच्या मातीखाली सापडून गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचं गाव त्यात नव्हतं. भिंती हलल्या, चिरा पडल्या, घरं उभी राहिली. पुढे दुरुस्ती-मजबुतीच्या योजनेतून पैसे आले तेव्हा असंख्य घरांनी केलं तेच आमच्याही घराने केलं. परसात एक नवी खोली बांधली आणि जुन्या भिंती होत्या तशा ठेवल्या. त्यात चूक काढायला माझं मन होत नाही. ज्या दगडाने शेजारची गावं गाडली, त्यावर पैसे घालायला कोण तयार होणार? पण यामुळे झालं असं, की भिंत नीट करायची आहे म्हटलं की गावात पहिला प्रश्न एकच : पाडत का न्हाई?

काकांचंही तेच म्हणणं होतं. पाडा, चार कॉलम उभे करा, स्लॅब टाका. आईचं म्हणणं, मे महिन्यात स्लॅबखाली तुम्हीच झोपा. वाद तिथेच अडकला. मी मध्ये पडून म्हटलं, आधी भिंतीला झालंय काय ते तरी बघू.

तालुक्याचे दोन-तीन ठेकेदार येऊन बघून गेले. पहिल्याने भिंतीवर थाप मारली आणि सांगितलं, जाळी ठोकू, वर सिमेंटचा जाड गिलावा, मग पुट्टी. "पोट दिसणारच नाही." दुसरा म्हणाला पीओपीचे बोर्ड लावून पुढे सरळ भिंत करू. तिसऱ्याकडे जरा धाडसी कल्पना होती. मागून फळी, पुढून जॅक, आणि पोट दाबून आत ढकलायचं. तिघांनीही ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, बाहेर काढला नाही, आणि भिंतीच्या पलीकडे जाऊन सोप्यातून तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मला वाटतं, घराच्या कामात माणूस पारखायची ही चांगली खूण आहे. पलीकडची बाजू बघायला न मागणाऱ्याला भिंत झाकायची असते.

शेवटी लातूरला अभियांत्रिकी शिकवणारे एक सर मिळाले. भूकंपानंतरच्या वर्षांत ते दुरुस्तीच्या कामांवर गावोगाव फिरलेले. फोनवर त्यांनी आधी मलाच कामाला लावलं. ओळंबा घ्या, वरच्या तुळईखाली खिळा मारून तो सोडा, आणि दर फुटाला दोरीपासून भिंतीचं अंतर मोजून कागदावर लिहा. दोन-दोन फुटांवर अशा उभ्या रेघा घ्या. मग सगळं सोप्याच्या बाजूनेही करा.

हे काम कंटाळवाणं आहे. ओळंबा झुलत राहतो, पंख्याचा वारा लागतो, आई मध्येच चहाला हाक मारते. पण कागदावर आकडे उतरले तेव्हा भिंतीची सगळी तऱ्हा कळली. माजघराच्या बाजूने जमिनीपाशी भिंत सरळ होती, तुळईपाशीही जवळजवळ सरळ, आणि मध्ये साडेचार फुटांच्या उंचीवर ती सव्वातीन इंच पुढे आली होती. रुंदीने हे पोट सहा-सात फुटांत पसरलं होतं. सोप्याच्या बाजूने मात्र भिंत वरपासून खालपर्यंत ओळंब्यात. कुठे अर्धा इंच इकडेतिकडे, बस.

आता एका बाजूला पुढे आलेली भिंत दुसऱ्या बाजूला तितकीच आत गेलेली असेल तर ती वाकली म्हणायची. आमची वाकलेली नव्हतीच. मधे ती तीन इंचांनी जाड झाली होती. आणि दगड काही वाढत नाही. म्हणजे आत पोकळी होती.

सर आले तेव्हा त्यांनी सोबत आमच्याच भागातले एक म्हातारे गवंडी आणले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणायला लागले. मामांनी लहान हातोडीने भिंत वाजवत नेली. बाजूला ठण, पोटावर धब. मग खाली बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ताई, ही येक भित न्हाई, दोन हायत. मधी नुस्ती भर हाय."

जाड दगडी भिंत दोन पदरांनी चढते, एक आतला, एक बाहेरचा. गवंडी दगडाचं चांगलं तोंड बाहेर ठेवतो, मागची बाजू निमुळती, वेडीवाकडी राहते. दोन पदरांच्या मधल्या जागेत कपच्या आणि माती भरतात. हे दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधून मधून भिंतीच्या पूर्ण जाडीचे लांब दगड आरपार घालायचे असतात. कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक आहे, त्यात हे आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे फार तर १.२ मीटरवर हवेत असं दिलंय. पण अडीच फूट लांबीचा दगड फोडणं, आणणं, चढवणं महाग. जुन्या घरांत तो बहुतेक वेळा नसतोच. भिंत जाड म्हणून भक्कम, हा आपल्याकडचा समज इथे उलटा पडतो. जाडी वाढली की दगड आरपार पोचणं आणखी अवघड होतं. त्याच मानकात अशा भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या वर नेऊ नका असं आहे. पणजोबांनी ती ७५० ठेवली होती.

मग यात पाणी शिरतं. मातीचा सांधा कोरडा असेपर्यंत दगड सांभाळतो, भिजला की त्यात काही राहत नाही. मधली भर खाली बसते, कपच्या घसरतात आणि दोन पदरांच्या बेचक्यात पाचरीसारख्या अडकतात. पदर थोडा बाहेर सरकतो. तो परत आत यायची सोयच नाही, कारण मागची जागा कपच्यांनी घेतलेली असते. पुढच्या पावसात, नाहीतर रस्त्याने भरलेला ट्रॅक्टर गेला तरी, आणखी चार कपच्या खाली. जॅकवाल्याच्या कल्पनेचं काय झालं असतं ते इथे कळतं. पोट आत ढकललं असतं तर जोर सोप्याच्या पदरावर गेला असता. तिकडचे दगड घडीव, एकमेकांवर नीट बसलेले, म्हणून आजवर तो पदर सरळ उभा होता. त्यालाही आम्हीच हलवलं असतं.

सरांनी आणखी दोन शंका मिटवून घेतल्या. पायाचं काय? आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. अशा जमिनीवरच्या भिंती वरखाली होतात. म्हणून लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन भिंतीच्या बुडाचा थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासला. तो सपाट निघाला. पाया मुरमापर्यंत गेलेला आहे हे काकांना आठवत होतं, कोपऱ्यात खड्डा घेतल्यावर ते खरंही निघालं. दुसरी शंका, छताचं ओझं या भिंतीवर आहे का? इथे खणाच्या घराचा मोठा फायदा असतो. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आमच्याकडे माळवद लाकडी खांबांवर, तुळयांवर उभं असतं, भिंत नुसती आडोशाला. भूकंपात कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या आणि लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला, तो यामुळेच. आमचेही खांब होते, पण भिंतीत पुरलेले. एका खणात मात्र कुणीतरी कधीतरी खांब काढून तुळईचं टोक सरळ भिंतीवर टेकवलं होतं. बरोबर पोटाच्या वर. कुणी आणि का, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही. प्रत्येकाने आपापल्या मेलेल्या माणसाला दोष दिला.

कोपऱ्यातल्या चिरेवर काचेची एक पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही कडांना चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. चीर जुनी आणि थांबलेली असेल तर काच राहते, वाढत असेल तर तडकते. आमची हिवाळ्यात टिकली. अवकाळी पाऊस दोन रात्री पडला तेव्हा आईचा फोन आला, काच फुटली.

सरांना बहुधा हेच बघायचं होतं. ते म्हणाले, भिंत राहू द्या, आधी वर चला.

माळवदावर मी लहानपणी झोपलेय, पापड वाळवलेत, पण ते छत म्हणून कधी बघितलं नव्हतं. कड्यांवर, म्हणजे आडव्या लाकडांवर, सागवानी फळ्या, त्यावर पाल्याचा थर, आणि त्यावर पांढरी माती. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकून ती चोपायची पद्धत आहे. जुनी कुणी काढत नाही. आमच्या माळवदावर कुदळ घातली तेव्हा काही ठिकाणी दीड फूट माती निघाली. दहा बाय दहाच्या जागेवर एक फूट माती म्हणजे साडेचार टन ओझं, कोरडी असताना. हे ओझं डोक्यावर घेऊन आपण पिढ्यान्‌पिढ्या झोपलो.

पाण्याची वाटही तिथेच सापडली. पन्हाळाकडे, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीकडे, असलेला माळवदाचा ढाळ नव्या नव्या मातीने उलटा झाला होता. पाणी पन्हाळाऐवजी साण्याच्या कडेला साचत होतं आणि तिथून नेमकं मधल्या भिंतीच्या डोक्यात उतरत होतं. खाली माजघरात ओल दिसते म्हणून वडिलांनी केव्हातरी कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ओल दिसायची थांबली. पण वरून आलेल्या पाण्याला माजघराच्या बाजूने वाळायची जी वाट होती ती त्या गिलाव्याने बंद केली, आणि पोट नेमकं त्याच्या वरच्या कडेला सुटलं.

काम चैत्रात धरलं. मृगाच्या आत माळवद झाकायचं तर दुसरी वेळच नाही. आधी माजघर रिकामं केलं. हे एका वाक्यात लिहिलं तरी ते एका वाक्यात होत नाही. बळदातली ज्वारी, तिच्यातला कडुनिंबाचा वाळका पाला, तांब्या-पितळेची भांडी, कुणाच्या तरी लग्नातल्या ट्रंका. त्या ट्रंकांवरून आई आणि काकू यांच्यात जे झालं त्याचा भिंतीशी संबंध नाही, म्हणून ते सोडते.

पहिलं काम टेकूंचं. भिंतीवर टेकलेल्या तुळईखाली दोन लोखंडी सपोर्ट, त्यांच्या बुडाला जाड फळ्या, म्हणजे जमिनीत रुतायला नको. कड्यांखालीही आडवं लाकूड देऊन सपोर्ट. पोटाच्या बाजूला उभ्या फळ्या लावून त्यांना तिरके धिरे दिले. हे पोट दाबायला नव्हे, काम चालू असताना ते अंगावर येऊ नये म्हणून. मग माळवदावरची माती उतरवली. पोराटोरांनी घमेल्यांनी ओतली, परसात ढीग झाला. छत हलकं झाल्यावर एक कडी करकरली आणि सगळे बाहेर पळाले. मामा आतच उभे होते. "मोकळी झाली ती," एवढंच म्हणाले.

पोट उतरवणं हे खरं नाजूक काम. सगळं एकदम काढायचं नाही. तीन-तीन फुटांची पट्टी धरायची, वरून खाली पायऱ्यांसारखं उतरत यायचं, पट्टी भरून झाली की शेजारची धरायची. आधी सिमेंटचा गिलावा छन्नीने सोलला. त्याच्याबरोबर मातीचे पापुद्रे आले, आत दमट, बोटाने चुरा होणारे. मग दगड. मामा पहारीने हाणू देत नव्हते. लहान सळई सांध्यात घालून दगड हलवायचा, सैल झाला की दोन्ही हातांनी काढायचा, तोंडाचे दगड एकीकडे, कपच्या दुसरीकडे. एका पोराने ब्रेकर आणायची गोष्ट काढली तेव्हा मामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या पट्टीत आतली पोकळी उघडी पडली. मी कोपरापर्यंत हात घातला. वर हवा, खाली भुगा झालेली माती आणि कपच्यांचा ढिगारा, त्यात घुशींनी नेलेली ज्वारीची बोंडं. समोर दिसत होती ती सोप्याच्या पदराची पाठ, निमुळत्या दगडांची, एकाही दगडाचा या पदराशी संबंध नसलेली. उतरवलेल्या सगळ्या भागात आरपार दगड एकसुद्धा निघाला नाही. चौकटीच्या वर एक लांब दगड होता, तोही मधेच मोडलेला.

भरताना सर आणि मामा यांचं पहिल्यांदा वाजलं. दुरुस्तीत १:६ सिमेंट-वाळूचा माल चालतो, झटपट होतं, हे सरांनीच आधी सांगितलं होतं. मामांना सिमेंट नको होतं. त्यांचं म्हणणं, बाजूची भिंत मातीची आहे, मधे लोखंडासारखा तुकडा बसवला तर जोडाला चीर येणार. त्यांना चुना हवा होता, घाणीत, म्हणजे बैलाने फिरवायच्या दगडी चाकाखाली, मळलेला, आणि अशी घाणी आता तालुक्यात कुठेही नाही. सर गप्प राहिले, मग म्हणाले, मामा बरोबर बोलतायत. शेवटी एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा माल ठरला. तो सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि मातीसारखा पाण्याने विरघळत नाही. चुन्याची पोती आणून ती टाकीत भिजवून ठेवली. कामावरच्या पोरांनी चुन्याचं काम कधी केलेलं नव्हतं. हात भाजल्यावर रबरी मोजे आले.

आरपार दगड अडीच फुटी मिळेनात. खाणवाला म्हणाला, आता सगळं क्रशरला जातं. मग सरांनी काँक्रीटचे ठोकळे ओतायला लावले. सहा बाय सहा इंच जाडीचे, भिंतीच्या रुंदीइतके लांब, आत आठ मिलिमीटरच्या दोन सळया. परसात लाकडी साच्यात ते ओतले आणि ओल्या बारदानाखाली पिकवले. जुनेच दगड परत वापरले, पण मामांनी ते फिरवून बसवले. लांब बाजू भिंतीच्या आत जाईल, तोंड लहान दिसलं तरी चालेल. दोन्ही पदरांचे दगड मधे एकमेकांवर चढले पाहिजेत यावर त्यांचा सगळा जोर. कपच्या भरायच्या त्या मालात बसवून, ओतून नाही. दर दोन फुटांच्या उंचीला ठोकळ्यांचा एक थर, खालच्या थरातल्या ठोकळ्यांच्या मधे वरचे येतील असे. दिवसाला दोन फुटांच्या वर चढायचं नाही. पोरं दुपारीच मोकळी व्हायची आणि काकांना वाटायचं, हजेरी फुकट जाते आहे.

पोट नसलेल्या भागाचं काय? तो सरळ होता, पण आतून तसाच दोन पदरी. तिथे भिंत न उतरवता टाके घातले. साधारण दर मीटरला एक जागा, वरच्या-खालच्या ओळींत आडमोडी. एक दगड सैल करून काढायचा, मागची भर हाताने आणि सळईने उकरत पलीकडच्या पदरापर्यंत जायचं, तिकडून एक दगड काढायचा. भोक मधे तीन इंच, दोन्ही तोंडांना जास्त रुंद. दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई त्यात ठेवायची, आणि बारीक खडीचं १:२:४ काँक्रीट गच्च भरायचं. तोंडं रुंद असल्यामुळे काँक्रीट वाळलं की दोन्ही पदर त्यात अडकतात. सोप्याच्या बाजूने घडीव दगड काढावे लागले, याचं मला फार वाईट वाटलं. मामांनी ते परत पातळ करून तोंडाला बसवले. मला माहीत आहे म्हणून जागा ओळखू येतात.

या टाक्यांना दहा दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारायचं असतं. वैशाखात, आमच्या गावात. नळाला पाणी आठवड्याने येतं, बोअर आटलेला, टँकर सांगावा लागतो. सरांच्या कागदावर दहा दिवस हे दोन शब्द सोपे होते. आईने तोडगा काढला. प्रत्येक टाक्यावर ओल्या बारदानाची चिंधी खिळ्याने टांगली आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्याने भिजवली. भांडी धुतलेलं पाणी वापरायला मामांनी मनाई केली. त्यावरून तिने त्यांना ऐकवलं, आणि मग न सांगता पिण्याच्या हंड्यातलं वापरलं.

तुळईच्या टोकाखाली नवा खांब उभा केला. भिंतीतल्या जुन्या खांबांचे पाय पेचकसाने टोचून बघितले. एकाचा बुडखा वाळवीने खाल्लेला निघाला, तेवढा कापून दगडी बैठकीवर सागाचा जोड दिला. माळवदावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून वर फक्त आठ इंच माती घेतली, चाळून, पन्हाळाकडे ढाळ देऊन. उरलेली माती काकांनी परसातल्या खड्ड्यात घातली, आणि शेजाऱ्यांनी चार ट्रॉल्या मागून नेल्या. त्यांनाही माळवदावरच टाकायची होती. सांगून बघितलं.

गिलाव्याचा वाद आईशी झाला. तिला गुळगुळीत भिंत हवी होती, ऑइलपेंटची, पुसता येईल अशी. इतका खर्च करून पुन्हा मातीच? सरांनी तिला सरळ सांगितलं, की दगड-मातीच्या भिंतीला श्वास घ्यायला जागा लागते, आणि सिमेंटखाली पोट पुन्हा सुटलं तर कळणारही नाही. ती हसली आणि म्हणाली, मला दिसत व्हतं की, तुम्हाला कुनाला दिसत नव्हतं. शेवटी माती, गव्हाचा भुसा आणि शेण यांचा गिलावा झाला, वर चुन्याची सफेदी. हात लावला की पांढरं लागतं. तेवढ्या भागात, टेकून बसायच्या उंचीपर्यंत, तिने शहाबादी फरशी उभी लावून घ्यायची भाषा केली होती. ती अजून सोडलेली नाही.

खर्चाचा हिशोब केला तेव्हा भिंतीवर निम्म्याहून कमी गेला होता. जास्त पैसा माळवदाला, टेकूंच्या भाड्याला आणि पाण्याच्या टँकरला लागला. सगळं पाडून स्लॅबचं घर करण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडलं. पण "रंगकाम केलंय" इतकंच दिसतं, यावर काकांची अजून नाराजी आहे. दार मात्र आता एका बोटाने लागतं. मृग बरसला, कोपऱ्यात नवी काचपट्टी लावलीय, ती शाबूत आहे. ओळंब्याचा कागद मी देवळीत ठेवलाय, आई दर दिवाळीला मापं घेणार असं कबूल झालंय.

आता दुसऱ्या एका चुलत्यांनी मामांना बोलावलंय. त्यांच्याही मधल्या भिंतीला पोट आहे, आणि त्यांना जाळी मारून सिमेंटचा गिलावा करून घ्यायचाय, लग्नाच्या आत. मी सोबत गेले होते. चुलते हौसेने भिंत दाखवायला माजघरात वळले. मामांनी ओसरीतच चप्पल काढली आणि शिडी कुठाय म्हणून विचारलं.